बायडीची अर्धी भाकरी

डिंभ्याच्या रस्त्यानं लोक जातात ते भीमाशंकरला. मी गेले ते कागदावरच्या काही ठिपक्यांमागे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्यातल्या एका संस्थेत मी आकडेमोडीची नोकरी करत होते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या काही गावांमधली पाच वर्षांखालची मुलं दर तीन महिन्यांनी काट्यावर मोजायची, ती काय खातात ते विचारायचं आणि खाण्याचा वाढीशी कसा मेळ बसतो ते शोधायचं, असा आमचा अभ्यास होता. मोजायचं काम त्या त्या भागातल्या बायका करत. मी पुण्यात पंख्याखाली बसून त्यांचे आकडे कॉम्प्युटरला भरवत असे. मुलाचं वय, आईची उंची, मधली आजारपणं आणि पोटात गेलेलं अन्न, एवढं घातलं की पुढच्या खेपेला मूल किती भरायला हवं हे कॉम्प्युटर सांगायचा. तो सांगेल ती रेघ, आणि मूल खरोखर जेवढं भरलं तो ठिपका. ठिपके रेघेच्या आसपास पडले की मॉडेल बरोबर आणि मी खूश.

जुन्नरकडचे ठिपके शहाण्या मुलांसारखे रेघेला धरून बसले. डिंभ्याकडचे मात्र रेघ सोडून वर उड्या मारत होते. कागदोपत्री ही मुलं दिवसाला अर्धी भाकरी खात होती आणि वजनं मात्र खात्यापित्या घरच्यासारखी वाढत होती. मी तो आलेख मोठ्या हौसेनं छापला आणि आमच्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. काहीतरी सापडलं की ते दाखवायची मला फार घाई असते.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ते म्हणाले. "या बाई घरी बसून वजनं भरताहेत."

या बाई म्हणजे सुनंदा. राहायची शिनोलीला, डिंभ्याच्या वस्त्या तिच्याकडे होत्या. प्रशिक्षणाच्या वेळी मी तिला एकदाच पाहिलं होतं: पहिल्या बाकावर, एकही प्रश्न न विचारता सगळं उतरवून घेणारी. सरांनी तिथल्या तिथे निकाल दिला. तिचे आजवरचे सगळे फॉर्म बाद आणि महिनाअखेरीला तिला नारळ.

आलेख माझा होता, हौस माझी होती आणि नोकरी तिची जाणार होती. "मी स्वतः जाऊन बघून येते," मी म्हटलं. सर म्हणाले, "शुक्रवारी मला उत्तर हवं."

घरी माझा मुलगा चिन्मय चार वर्षांचा. त्याला एक पोळी भरवणं म्हणजे आमच्याकडे तासाभराचा सामना असे. टीव्हीवर कार्टून, मागे ताटली घेऊन सासूबाई, मध्ये मी, आणि काऊचे-चिऊचे घास संपता संपत नसत. मुलांच्या आहाराची तज्ज्ञ म्हणून मी एसटीत चढले त्या सकाळी त्यानं दुधाचा पेला माझ्याच पिशवीवर उपडा केला होता. जुन्नरपर्यंत पिशवीला वास येत राहिला.

जुन्नर, सोमवार

आधी शहाणे ठिपके बघावेत म्हणून जुन्नरकडे गेले. शिवनेरी डाव्या-उजव्या हाताला लपंडाव खेळत होता आणि मी मळ्यामळ्यांतून चालत होते. इथली घरं ज्याच्या त्याच्या मळ्यात. घराला लागून द्राक्षबाग, तिच्या पलीकडे टोमॅटो, त्याच्या पलीकडे कुठेतरी शेजाऱ्याचं छप्पर. शेजाऱ्याला हाक मारायची तर छाती भरून मारावी लागते, आणि प्रत्येक घराला एक कुत्रं असतं, ते हाक मारू देत नाही. एकानं माझ्या पदराचा चांगला चतकोर तुकडा काढून घेतला.

त्या घरच्या वहिनींनी कुत्र्याच्या अपराधाची भरपाई म्हणून मला मासवडी वाढली. नावात मासा असला तरी हा बेसनाचा प्रकार. आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर असा झणझणीत रस्सा की नाक, डोळे आणि पुण्याचा अभिमान सगळं एकदम वाहायला लागावं. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा ओट्यावर ताटलीत जेवत होता. मी विचारलं, "काल काय दिलं याला खायला?" वहिनींनी सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं धडाधड सांगितलं. दीड भाकरी, पिठलं, एक अंडं, दूध. मी फॉर्मशी ताडून पाहिलं. जुळत होतं. दुसऱ्या घरी जुळलं, तिसऱ्या घरीही जुळलं.

म्हणजे मॉडेल बरोबर होतं. मग चुकत होती ती सुनंदाच, असं मनात आलं आणि मासवडी जरा जड झाली.

शिनोली, मंगळवार

नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गाड्या बदलत दुपारी शिनोलीला उतरले. सुनंदा थांब्यावरच उभी होती. तिशीची, सडपातळ, खांद्याला आमच्या संस्थेची कापडी पिशवी. मी पुण्याहूनच ठरवून आले होते की नेहमीची पाहणी आहे असं सांगायचं. तिनं माझी पिशवी हातात घेतली आणि चालता चालता विचारलं, "मॅडम, माजी वजनं खोटी हायेत म्हणं?"

बातमी माझ्या आधीच्या गाडीनं येऊन पोचली होती. मी काहीतरी पुटपुटले.

"वजनाचा काटा तुमीच टांगा उद्या," ती म्हणाली. "मी हात बी लावत न्हाई."

तिचं घर नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे झेंडूची दोन ताजी फुलं. सासरे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नवरा घोडेगावला वायरमन. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, त्यामुळे आधी तिळगूळ हातावर आला. मग बाजरीची भाकरी आणि पावट्याची आमटी. मी दोन भाकऱ्यांवर हात आखडला तर सासरे म्हणाले, "पावणं, आमच्या सूनबाईवर राग हाय तो भाकरीवर नका काढू." मी मुकाट्यानं तिसरी घेतली. सुनंदा हसली नाही. ती कोपऱ्यात बसून उद्याचे फॉर्म क्रमानं लावत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

डिंभे, बुधवार

डिंभ्याची गाडी येईल तेव्हा येते. आम्ही दीड तास वाट पाहिली आणि शेवटी भाजीच्या टेम्पोत कोबीच्या पोत्यांवर बसून गेलो. धरणाचं पाणी एका वळणावर अचानक समोर आलं, इतकं निळं की मी पोत्यावर उभी राहिले आणि लगेच बसलेही, कारण टेम्पोनं ब्रेक मारला.

वस्ती पाण्याच्या वरच्या अंगाला. पंधराएक घरं अगदी एकमेकांना चिकटून, एकाच्या पडवीतून दुसऱ्याच्या पडवीत जाता येईल अशी. काही घरं मासे धरणाऱ्यांची, काही पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांची, आता शेती करणाऱ्यांची. आंब्याच्या फांदीला मी स्वतः काटा टांगला, त्याला झोळी अडकवली आणि एकेक मूल तिच्यात घालायला लागले.

तिसऱ्या मुलाला सुनंदानं थांबवलं. हात लावणार नाही म्हणाली होती, पण राहवलं नाही. तिनं त्याच्या पायातले चांदीचे वाळे काढले, कमरेचा करदोटा सोडला आणि सगळं रुमालात बांधून आईच्या हातात दिलं. आई कुरकुरली, "दर बारीला काढती ही बया. वाळ्यांचं असं कितीसं वजन व्हतंय?"

"जेवढं व्हतंय तेवढं पोराचं न्हाई," सुनंदा म्हणाली.

त्या एका वाक्यावर मी तिथेच तिला निर्दोष सोडलं असतं. पण सरांना वाक्यं चालत नाहीत, आकडे लागतात. आकडे आले. प्रत्येक मूल सुनंदाच्या मागच्या फॉर्मला धरून, वर जेवढं चढायला हवं तेवढंच चढलेलं. वजनं सोळा आणे खरी होती. माझा आनंद पोटात मावेना, आणि तेवढ्यात दुसरी शंका उभी राहिली. वजनं खरी, तर मग खाणं?

बायडी नावाची तीन वर्षांची गुटगुटीत पोरगी झोळीतून उतरायला तयार नव्हती. तिच्या आईला, कमलला, मी विचारलं, "काल काय दिलं हिला खायला?" उंबऱ्यात बायडीची आजी बसली होती, गळ्यात तुळशीची माळ. कमलनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. म्हणाली, "काय खातीय? अर्धी भाकरी."

शेजारच्या घरी विचारलं. अर्धी भाकरी. त्याच्या शेजारी, अर्धी भाकरी. सहाव्या घरी माझं डोकं फिरलं. "अहो, सगळ्या वस्तीत मिळून एकच भाकरी भाजता का तुम्ही?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुनंदा खाली मान घालून लिहीत होती: अर्धी भाकरी.

मी तिला आंब्याखाली बाजूला घेतलं. "सुनंदा, तुला पटतं हे?"

"न्हाई."

"मग लिहितेस कशाला?"

तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुमीच सांगितलं व्हतं, मॅडम. घोडेगावला, फळ्यापुढं हुबं ऱ्हाऊन. आई सांगंल तेवढंच लिवायचं. आपल्या मनाचं येक अक्षर घालायचं न्हाई."

मला तो फळा आठवला, हातातली छडी आठवली, आणि आपण किती मुद्देसूद बोललो असं वाटलेलं समाधानही आठवलं. मी खालच्या आवाजात विचारलं, "मग खरं काय खातात ही मुलं?"

"त्ये लिवायला तुमच्या फार्मात जागा न्हाई," ती म्हणाली. "उद्या बायडीच्या मागं फिरा दिसभर. मंग समजंल."

डिंभे, गुरुवार

आयुष्यात मी पुष्कळ तज्ज्ञांच्या मागे फिरले, बायडीइतकं कुणी दमवलं नाही.

सकाळी घरी चहा आणि खारी झाली. कमल शेतावर गेली आणि बायडी बाहेर पडली ती पाठीवर हात बांधून, तलाठ्यासारखी. मी मागे, हातात वही आणि घरून आणलेला स्वयंपाकातला छोटा वजनकाटा. पहिला मुक्काम शेजारच्या गोदाकाकूंकडे. तिथे तव्यावरून भाकरी उतरत होती. बायडी हक्कानं चुलीपुढे जाऊन बसली. काकूंनी भाकरी दुधात कुस्करून वाटी तिच्यापुढे ठेवली, जशी आपल्या दोन पोरांपुढे ठेवली होती तशीच. मी काटा पुढे केला. काकू म्हणाल्या, "त्ये काय हाय?" मी म्हटलं, "मोजायचंय." त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी काटा पाठीमागे लपवला.

तिथून अंगणवाडीत सुकडी. तिथून एका दारात शेळीची धार काढत होते, तिथे पेलाभर दूध, वर कुणाच्या तरी परडीतली बोरं. वाटेत प्रत्येक दारी तिळगूळ. बायडीनं माझ्यावर माया करून एक लाडू अर्धा चघळून मला दिला. मी तो मोजायचा की खायचा या विचारात असताना तिनं परत घेतला.

मग ती उतारावरून पाण्याकडे निघाली. मी चिखलात घसरले आणि एक चप्पल धरणाला अर्पण केली. काठावर जाळी वाळत घातलेल्या घरात यमुनामावशी चिलापीचा रस्सा करत होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि बायडीला ताट. काटा निवडलेला मासा, भात आणि वर लालभडक रस्सा. बायडीनं माझा काटा ओढला, तो थेट पातेल्यात पडला आणि तिथे विज्ञानाचा अंत झाला. मावशी हसून हसून खाली बसल्या. "ऱ्हाऊ द्या ताई. ह्यो मासा बी धरू आन् शिजवू."

तिथे मी 'मॅडम'ची 'ताई' कधी झाले ते कळलं नाही.

मी मावशींना विचारलं, "ही रोज येते?"

"आज हिथं, उद्या आणिक कुठं. माजं नातू त्यांच्या घरी जेवतंय. ज्याच्या चुलीवरचं आधी उतरंल तिथं पोरं."

"मग हिच्या आईला माहीत असेल ना?"

"समदं ठावं हाय. पर सांगंल कशी? तिच्या सासूच्या गळ्यात माळ. आन् दुसऱ्याच्या घरी पोर जेवलं ह्ये का कागदावर घालायचं असतंय व्हय? तुमच्या फार्मात विचारत्यात, तुमी काय दिलं. तिनं दिली अर्धी भाकरी."

जाळीशेजारी पाटावर बसून मी कपाळाला हात लावला. आडात पाणी होतंच. पोहरा पंधरा आडांत बुडत होता आणि मी एकाच आडाची खोली मोजत होते. जुन्नरला घरं लांब लांब, पोर जेवणार ते आईच्याच चुलीवर, म्हणून माझा प्रश्न तिथे बरोबर पडला. इथे तोच प्रश्न धडधडीत चुकला, आणि चूक सुनंदाच्या नावावर जमा झाली.

दुपार कलल्यावर आम्ही परतलो तेव्हा आजी उंबऱ्यातच होती. बायडीच्या हनुवटीवर रश्शाचा लाल ओघळ. आजीनं पदरानं तो पुसला. "पोरांचं खाणं मोजू न्हाई, बाय," ती मला म्हणाली. "दिष्ट लागती. म्हणून समद्या अर्धीच सांगत्यात." मग जरा पुढे वाकून हळूच, "आन् ही मासं खाती ह्ये मला ठावं न्हाई बरं का."

मी म्हटलं, "मलाही नाही."

त्या दिवशी बायडीनं जे खाल्लं ते मी नंतर अदमासानं वहीत मांडलं. आमच्या चिन्मयचे दोन दिवस त्यात आरामात बसले असते. माझं स्वतःचं मांडायचा प्रयत्न मी केलाच नाही. दारोदारी आग्रह झाला होता आणि परतीच्या गाडीत साडीची गाठ सैल करावी लागली. सुनंदा थांब्यावर सोडायला आली होती. गाडी हलली तेव्हा तिनं विचारलं, "मग, ताई? सायबाला काय सांगणार?"

"प्रश्न माझा चुकला म्हणून सांगणार," मी खिडकीतून ओरडले. गाडीतली चार माणसं वळून बघायला लागली.

पुणे, शुक्रवार आणि त्यानंतर

सरांपुढे मी वही ठेवली. रश्शाचे डाग पडलेली पानं त्यांनी चिमटीत धरून उलटली. "म्हणजे खोटं कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. आईनं दृष्ट लागू नये म्हणून हात राखून आपल्या चुलीचं तेवढं सांगितलं, सुनंदानं ते जसंच्या तसं लिहिलं. आईला 'तुम्ही काय दिलं' विचारा, हे मी ठरवलं होतं. तेही घरच्यांसमोर बसवून." हे बोलताना कान गरम झाले, पण वाळे रुमालात बांधणारी सुनंदा डोळ्यांपुढे होती. सरांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी खणातून तिला पाठवायचं पत्र काढलं, दोनदा फाडलं आणि म्हणाले, "नवा फॉर्म करा. आणि तो शिकवायला त्याच बाईंना बोलवा."

नव्या फॉर्मात आईच्या उत्तराखाली आणखी एक रकाना आला: मूल कुठं कुठं जेवलं. मग त्या त्या घरी जाऊन विचारायचं. पुढच्या खेपेला डिंभ्याचे बरेचसे ठिपके खाली उतरून रेघेजवळ बसले. काही अजूनही वर उड्या मारत होते. मी त्यांना मारू दिल्या.

घरीही मी एक बदल केला. ब्लॉकचं दार दिवसा उघडं ठेवलं. आठवड्याभरात चिन्मयला समोरच्या काकूंच्या तव्याचा वास लागला. आमच्याकडे एका पोळीला तास लावणारा मुलगा तिथे त्यांच्या नातवंडांच्या पंगतीत दोन पोळ्या आणि वरणभात संपवायला लागला. तीन महिन्यांत त्याच्या सगळ्या चड्ड्या कमरेत घट्ट झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "कुणाला सांगत बसू नकोस."

त्याच सुमारास सुनंदा पुण्याला आली. दुसऱ्या दिवशी तिला वीस बायकांपुढे उभं राहून नवा फॉर्म शिकवायचा होता आणि तिला धडधडत होतं. म्हणाली, "ताई, येकदा तुमच्यावर करून बघू का?" आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. सासूबाई भाजी निवडत होत्या. सुनंदानं पेन उघडलं, घसा साफ केला.

"काल चिन्मयनं काय काय खाल्लं, ताई?"

मला सगळं पाठ होतं. पोळ्या किती, भात किती, काकूंनी वर दिलेला रव्याचा लाडू. इतक्या दिवसांनी पोर जेवायला लागलं होतं, त्याच्या गालावर आत्ता कुठे बाळसं दिसत होतं. मी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा फरशीकडे.

"फार काही नाही गं," मी म्हटलं. "अर्धी पोळी."

सुनंदानं मान खाली घातली आणि आपल्या मनाचं एक अक्षर न घालता लिहिलं: अर्धी पोळी. मग पेन खालच्या रकान्यावर टेकवून तिनं उघड्या दाराकडे पाहिलं.

"आन् कुठं कुठं?"